दामूभाऊंची बोंडअळी

खानदेशातला पहिला रॉक अल्बम दामोदर नारखेडे यांनी काढला. ‘पहिला’ हे त्यांचंच म्हणणं. दुसरा कोणी काढल्याचं माझ्या कानावर नाही, त्यामुळे ते खोडताही येत नाही. कॅसेटच्या वेष्टनावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात तीन नावं आहेत. त्यातलं तिसरं माझं, आणि नेमकं तेच चुकलंय. ‘देवरे’च्या जागी ‘देवर’ छापलंय. माझ्या बायकोच्या माहेरी अजून मला त्यावरून चिडवतात.

दामूभाऊंचा खरा धंदा कापूस बघण्याचा. धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ते ग्रेडर होते आणि मी तिथेच ऑफिसात कारकून. शेतकऱ्याची गाडी आवारात आली की ग्रेडरने कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, वरचा दिखाऊ माल सोडून आतला मूठभर काढायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून तंतू ओढायचा आणि सांगायचं : सुपर, फेअर की कवडी. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल एवढ्या तीन शब्दांत लागायचा. निकाल ऐकून माणसं भांडायची, रडकुंडीला यायची, कधी अंगावरही यायची. दामूभाऊंच्या अंगावर मात्र कोणी आलेलं मी पाहिलं नाही. ते तो मूठभर कापूस शेतकऱ्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “तुम्हीच ओढा.” शेतकरी ओढायचा, तंतू तुटायचा, आणि भांडण तिथेच मिटायचं.

माणूस किडकिडीत. अंगात बुशशर्ट, पायात चपला, आणि डोक्यापासून भुवयांपर्यंत सगळीकडे रुईचे कण. पस्तिशीतला माणूस हंगामात साठीचा दिसायचा. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, संध्याकाळी त्यांना दारातच उभं करून टॉवेलने झटकायच्या आणि मगच घरात घ्यायच्या. “हा माणूस घरी येतो का गादी येते, मले कळत नाही,” असं त्या शेजारणींना सांगायच्या. दोघंही जळगावजवळच्या असोद्याची. धुळ्यात पंधरा वर्षं काढूनही वहिनींच्या बोलण्यातलं असोदं जराही कमी झालं नव्हतं.

धंद्याची सवय दामूभाऊंना सगळीकडे लागली होती. काहीही ऐकलं की ते अंगठा आणि तर्जनी कानाजवळ न्यायचे आणि न दिसणारा तंतू हळूच ओढून बघायचे. मग निकाल. कारखान्यातला नवा भोंगा : “फेअर.” एका पुढाऱ्याचं भाषण : “लांबी आहे, ताकद नाही.” माझ्या साखरपुड्यात माझ्या सासऱ्यांनी हौसेने नाट्यगीत म्हटलं, तेव्हा दामूभाऊ शेजारीच बसले होते. त्यांची बोटं कानाकडे निघालेली पाहून मी ती धरून ठेवली.

बँडमध्ये मला त्यांनी घेतलं ते टाइपरायटरवरून. एका दुपारी मी मालाच्या पावत्या टाइप करत होतो. मान वर केली तर दामूभाऊ दारात डोळे मिटून उभे. बोटं कानाजवळ.

“देवरे, काही वाजवता का हो?”

“शिरपूरला असताना भजनात पेटी वाजवायचो.”

“तरीच. ओळ संपताना थांबता, पण लय सोडत नाही. हात सुपर आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक कीबोर्ड आणून ठेवला. जळगावचा कुठलासा ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यांनी तो घेतला होता. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. दुरुस्त करायला धुळ्यात माणूस नव्हता, म्हणून दामूभाऊंनी ते तीन स्वर टाळून सगळी गाणी बांधली. पुढे एका जाणकाराने आमची कॅसेट ऐकून विचारलं, “यात एक विलक्षण उदासी आहे, ही कोणत्या परंपरेतली?” दामूभाऊ म्हणाले, “मुक्या पट्ट्यांची.”

त्यांना हे वेड जळगावच्या कॉलेजच्या वसतिगृहात लागलं. खोलीत एका कापडवाल्याचा मुलगा होता. त्याच्याकडे मुंबईहून आणलेल्या इंग्रजी कॅसेट होत्या. “पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कोणीतरी जिनचं मशीन सुरात लावलंय,” असं ते सांगायचे. शब्द एकही कळला नव्हता. पण लहानपणापासून ज्या घरघराटात ते वाढले होते, त्याचं गाणं होऊ शकतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. मग इलेक्ट्रिक गिटार आली. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका दुकानातून जुने भाग आणून त्यांनी स्वतःच अॅम्प्लिफायर जोडला. तो तापला की खमंग वास यायचा.

आमचा तिसरा गडी रशीद. धुळ्याच्या लग्नाच्या बँडमध्ये तो ढोल वाजवायचा. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. सरावाला तो पुष्कळदा वरातीतूनच यायचा आणि कोट काढायचा कंटाळा करायचा, त्यामुळे आमच्यात रॉकवाल्यासारखा दिसणारा तो एकटाच होता. गाणी दामूभाऊ लिहायचे, पण अहिराणीत, आणि अहिराणी ही रशीदची भाषा. त्यामुळे शब्द तपासायचं काम त्याच्याकडे.

“दामूभाऊ, आमनाकडे ‘वाजते’ नही म्हनतस. ‘वाजस’ म्हनतस.”

“मग लिही. ‘सरकी गयी, रुई गयी, भोंगा तेवढा वाजस.’”

“आते बराबर शे.”

गाण्याला धुळ्याची बोली आणि भांडायला असोद्याची, अशी त्यांनी वाटणी करून टाकली होती.

बँडचं नाव ठरवायला आठवडा गेला. रशीदला काहीतरी ‘स्टार’ हवं होतं. मी ‘सातपुडा’ सुचवलं. दामूभाऊंनी दोन्ही फेअर ठरवली आणि म्हणाले, “बोंडअळी.”

नव्वदच्या आसपासची ती वर्षं. अळीने शेतंच्या शेतं फस्त केलेली, आणि हा शब्द घरात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं.

“बोंड बाहेरून शाबूत दिसतं,” ते शांतपणे म्हणाले, “आणि ती आत शिरून सगळं खाऊन टाकते. गाणं असं पाहिजे.”

जिनिंगचे मालक केसरीमलशेठ यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “नारखेडे, आपला धंदा कापसाचा. अन् तुम्ही अळीचं नाव लावता? बोर्डावर लिवू नका म्हंजे झालं.”

तरीही रेकॉर्डिंगला जागा दिली ती शेठनीच. धुळ्यात स्टुडिओ असा नव्हता. जळगावात एक होता, पण तिथे भजनं आणि निवडणुकीच्या घोषणा रेकॉर्ड व्हायच्या आणि भिंतीपलीकडे पिठाची गिरणी होती. दामूभाऊ तिथे एकदा जाऊन आले. गिरणी त्यांना आवडली, स्टुडिओ नाही. मग एके दिवशी ते मला आमच्याच गोडाऊनमध्ये घेऊन गेले. हंगाम भरात होता. जमिनीपासून पत्र्यापर्यंत रुईच्या गाठी रचलेल्या, मध्ये एका खोलीएवढी मोकळी जागा. त्यांनी टाळी वाजवली. टाळीचा आवाज हातातून निघाला आणि तिथेच संपला.

“बघितलं? खोली आवाज पिऊन टाकते. मुंबईत यासाठी लोक भिंतींना काय काय चिकटवतात. आपल्याकडे लांब धाग्याची सुपर रुई आहे, चारी बाजूंनी.”

शेठनी परवानगी दिली, पण अट घातली. रुईला आगीचं भय, म्हणून अॅम्प्लिफायरशेजारी वॉचमन वाळूची बादली घेऊन बसेल. तो शेवटपर्यंत बसला. दुसऱ्या गाण्यात मध्येच जो खोकला ऐकू येतो तो त्याचा आहे.

आता अडचण अशी, की गाठी असायच्या हंगामात, आणि हंगामातच लग्नं. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की रशीद मोकळा सापडणं मुश्कील. पावसाळ्यात रशीद मोकळा, तर गोडाऊन रिकामं. दोन्ही जुळायचं ते फक्त पौषात, कारण पौषात लग्नं नसतात. त्यामुळे आमचा अल्बम पौषात व्हायचा. उरलेले अकरा महिने आम्ही त्याविषयी बोलायचो.

पहिल्या पौषात दामूभाऊंनी नाशिकहून चार ट्रॅकचं रेकॉर्डिंगचं यंत्र भाड्याने आणलं. रविवारी आणि दुपारच्या सुट्टीत आम्ही वाजवायचो. रोज वाजवायचो, रोज ऐकायचो, आणि रोज बोटं कानाजवळ जायची. “फेअर.” “फेअर.” “हे कवडी. देवरे, डाव्या हाताला झोप लागली होती.” महिना संपला. यंत्र परत गेलं. एकही गाणं पास झालं नव्हतं. रशीद वैतागला. “वरातमा नवरदेव बी इतला नखरा करत नही,” म्हणाला आणि कोट घालून निघून गेला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या वर्षी पौष लागला त्या सकाळी तो गोडाऊनच्या दारात ढोल घेऊन उभा होता.

त्या दुसऱ्या पौषात चार गाणी झाली. ज्या दिवशी पहिलं गाणं ‘सुपर’ ठरलं त्या दिवशी दामूभाऊंनी निकाल दिला आणि लगेच बाहेर निघून गेले. मी मागे गेलो तर ते आवारात एका बैलगाडीपाशी उभे राहून शेतकऱ्याचा कापूस बघत होते. बघता बघता नाक पुसत होते. शेतकरी घाबरून म्हणाला, “साहेब, इतका खराब शे का?”

तिसऱ्या पौषात उरलेली चार गाणी करायची होती. आणि नेमका त्याच वर्षी भाव चढला. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. एका सकाळी शेठनी दामूभाऊंना ऑफिसात बोलावलं. मी कोपऱ्यात टाइप करत होतो. मला कोणी बाहेर जा म्हटलं नाही. कारकून म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

“नारखेडे, बसा. चहा घ्या. गाना-बजाना कसं चाललंय?”

“चाललंय शेठ.”

“गोडाऊन बरोबर हाय ना? काही पायजे तर सांगा.” शेठनी चहा बशीत ओतला. “आता बघा, यंदा भाव लय वर गेला. थोडं समजून घ्या. सुपर जरा कमी लावा. फेअर वाढवा. सगळ्याच जिनमधले ग्रेडर लावतात.”

दामूभाऊंनी बशी खाली ठेवली. “शेठ, जो सुपर आहे त्याला मी फेअर कसं म्हणू? तो शेतकरी समोर उभा असतो. तंतू त्याच्याच हातात असतो.”

“तो हातात देऊ नका ना.”

दामूभाऊंनी चहा पूर्ण प्यायला, कारण तो सांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि बाहेर जाऊन पुढच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला. “सुपर,” असा त्यांचा आवाज ऑफिसात आला. तो नेहमीपेक्षा जरा मोठा होता, असं मला वाटलं. शेठनाही वाटलं असावं.

शेठ रागावले नाहीत. त्यांनी फक्त मला सांगितलं, “देवरे, मार्चमध्ये पाठवायचा माल आताच काढा. उद्यापासून ट्रक लावा.”

ट्रकच्या पावत्या मीच टाइप केल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचवं गाणं रेकॉर्ड करायला बसलो तेव्हा हमाल पश्चिमेकडची रांग उतरवत होते. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही वाजवलं. आवाज थोडा मोकळा झाला होता. दामूभाऊंची बोटं कानाकडे गेली, थांबली. मला म्हणाले, “भाव चढलाय, म्हणून शेठ माल काढतायत.”

“हो,” मी म्हणालो. खरं सांगायची हिंमत मला झाली नाही. माझी नोकरी अजून कच्ची होती आणि लग्न ठरलेलं होतं. कारणं सगळ्यांकडे असतात.

सहाव्या गाण्याला दोन भिंती उरल्या होत्या. सातव्याला एक. रशीदचा ढोल आता गाठींत मुरत नव्हता, पत्र्यावर आपटून परत येत होता. यंत्र परत पाठवायला दोन दिवस उरले होते. आणि आठव्या गाण्याच्या दिवशी सकाळी शेवटचा ट्रक भरून गेला. गोडाऊनमध्ये आम्ही तिघं, वॉचमन, त्याची बादली, आणि वाशांवर बसलेली कबुतरं. आता आग लागण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, तरी वॉचमन बसला होता.

रशीद म्हणाला, “दामूभाऊ, पुढला पौषमा करूत. आते हाई गोडाऊन नही, मशीद शे.”

“पुढच्या पौषात गाठी असतील कशावरून?” दामूभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “देवरे, मार्चचा माल जानेवारीत कोण काढतं? मला कळत नाही होय? पावत्यांवर तुमचीच अक्षरं होती.”

मी मान खाली घातली. ते माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “टायपिंग छान होतं. वाजवा.”

आठवं गाणं होतं ते भोंग्याचं. दामूभाऊ गायला लागले आणि त्यांचा प्रत्येक शब्द जाऊन पत्र्याला लागला आणि दुप्पट होऊन परत आला. कबुतरं उडाली. तीसुद्धा टेपवर आहेत. गाणं संपलं तरी आवाज बराच वेळ फिरत राहिला. दामूभाऊंनी टेप मागे घेतली, ऐकली. अंगठा आणि तर्जनी कानाजवळ. रशीदने कोट घालायला घेतला. ज्या माणसाने पहिला अख्खा पौष फेअर ठरवला होता, तो याला कवडी म्हणणार यात आम्हाला शंका नव्हती.

“राहू द्या,” ते म्हणाले. “कापूस गेला, हे ऐकणाऱ्याला कळू दे.”

पहिल्याच खेपेला पास झालेलं ते एकमेव गाणं.

तयार टेप आधी सुमनवहिनींनी ऐकली. मी तिथे होतो. त्या गहू निवडत बसल्या होत्या. दुसरी बाजू संपली तशा म्हणाल्या, “सुरवातीले जवळ बसून गात होते. शेवटी इहिरीत पडले का?”

“गोडाऊन रिकामं झालं ना गं,” दामूभाऊ म्हणाले.

“मग तसं वाटतंच आहे,” वहिनी म्हणाल्या आणि सूप झटकायला उठल्या. आमच्या अल्बमवर आलेली ही सगळ्यात अचूक समीक्षा. त्या वर्षी शेठ दामूभाऊंना कामावरून काढतील असं आम्हाला वाटलं होतं. पण ज्या जिनमध्ये नारखेडे ग्रेडर आहेत तिथे गाडी न्यायची, असं गावोगावचे शेतकरी ठरवून यायचे. ज्या हट्टापायी शेठनी गोडाऊन रिकामं केलं होतं, त्याच हट्टावर शेठचा कारखाना चालला होता. त्यामुळे दोघंही एकमेकांना रोज नमस्कार करत राहिले.

प्रकाशन जळगावला करायचं ठरलं, कारण कॅसेटच्या प्रती तिथे निघणार होत्या. वेष्टनावरच्या चित्राचं काम जळगावच्याच एका पेंटरला दिलं. तो भिंतींवर कीटकनाशकांच्या जाहिराती रंगवायचा. त्याने बोंडावर चढलेली अळी इतकी हुबेहूब काढली की बघताना अंगावर काटा यायचा. वर ठळक अक्षरात ‘बोंडअळी’. आणि औषधाच्या डब्यावर असतो तसा विषाचा लाल चौकोन, सवयीने, खाली कोपऱ्यात. दामूभाऊंना तो फार आवडला. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मग एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली : बोंडअळीवर कॅसेट, धुळ्याच्या कापूसतज्ज्ञांचे परिश्रम, रविवारी सकाळी प्रकाशन.

रविवारी आम्ही सभागृहात पोहोचलो तर बसायला जागा नाही. धोतर, टोपी, पायजमे, हातात पिशव्या. काहींनी किडकी बोंडं कागदात बांधून आणली होती. रशीद खुशीत कोटाची बटणं लावत म्हणाला, “इतली पब्लिक!” दामूभाऊ पडद्याआडून बघत होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. तीन पौष ज्याची वाट पाहिली ते समोर बसलं होतं, आणि ते आपल्यासाठी आलेलं नाही हे त्यांना एका नजरेत कळलं होतं. कापसात हात घालायचीसुद्धा गरज पडली नाही.

प्रमुख पाहुणे निवृत्त कृषी अधिकारी होते. त्यांना बोलावलं होतं ते वहिनींच्या मामांच्या ओळखीने. त्यांनी कॅसेट ऐकलेली नव्हती, फक्त पाहिली होती. फीत सोडून ते माइकसमोर उभे राहिले आणि अळीची अंडी, अळीच्या अवस्था, कोष आणि पतंग असं सगळं सविस्तर सांगितलं. आम्ही तिघं मागे वाद्यं घेऊन उभे. शेवटी ते म्हणाले, “पुढची उपाययोजना श्री. नारखेडे यांनी कॅसेटमध्ये दिलेलीच आहे. त्यातला काही भाग ते आता यंत्रांच्या साहाय्याने सादर करतील.”

आम्ही भोंग्याचं गाणं वाजवलं. दामूभाऊ जीव तोडून गायले. गाणं संपलं. मग पहिल्या रांगेतले पारोळ्याकडचे एक आबा उठले आणि अतिशय अदबीने विचारलं, “भाऊ, हाऊ आवाज फवारनीना पंपना शे का?”

कोणी हसलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. रशीदने माझ्याकडे बघितलं, मी मुक्या पट्टीकडे.

दामूभाऊंनी गिटार गळ्यातून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटलं आता हा माणूस निघून जाईल. ते माइक सोडून मंचाच्या काठावर येऊन बसले, पाय खाली सोडून.

“नाही आबा. आवाज गाण्याचा आहे. ते राहू द्या. तुमच्या पिशवीत बोंडं आहेत ना? दाखवा.”

मग तासभर तेच चाललं. एकेक जण बोंड घेऊन यायचा, ते नखाने उघडून दाखवायचे. एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. किडकी बोंडं वेचून जाळा. शेजाऱ्यालाही जाळायला सांगा, नाहीतर त्याची अळी तुमच्याकडे येईल. तालुक्याच्या कचेरीने जे सांगितलं नव्हतं, असं लोकांचं म्हणणं पडलं, ते त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. जाताना प्रत्येकाने कॅसेट घेतली. दुपारी एकपर्यंत एकही उरली नाही. पुढे खत-बियाण्यांच्या दुकानदारांनी मागणी केली. रावेरपासून शिरपूरपर्यंत आमचा अल्बम फवारणीच्या पंपांशेजारी टांगला गेला. गाण्यांच्या दुकानात तो कधी लागलाच नाही.

वेष्टनावर दामूभाऊंचा पत्ता होता. पत्रं येऊ लागली. ‘कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली, औषधाचे नाव सापडले नाही, कृपया कळवावे.’ एकाने लिहिलं की ढोल फार जोरात असल्याने सूचना नीट ऐकू येत नाहीत. दामूभाऊ प्रत्येक पत्राला कार्ड लिहायचे. अळीवर काय करायचं ते नीट, मुद्देसूद. आणि शेवटी जागा उरली की एक ओळ : ‘दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं सवडीने पुन्हा ऐकावं.’

“यांना गाणं कळलं नाही याचं वाईट वाटतं का?” मी एकदा विचारलं.

“वाटतं ना,” ते लगेच म्हणाले. “खूप वाटतं. पण पीक वाचलं पाहिजे आधी.”

एक कार्ड मात्र वेगळं आलं. शिंदखेड्याकडच्या कोणा शेतकऱ्याचं. अक्षर वेडंवाकडं. ‘गानं परत ऐकं. त्यामा औषध नही शे. पन आमना गोठा रिकामा व्हयना तवय असाच आवाज ये.’ त्यांचे बैल गेले होते की विकले होते, ते लिहिलं नव्हतं. दामूभाऊंनी ते कार्ड मला वाचायला दिलं, रशीदला दिलं, वहिनींना वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, “बघा. कोन्ही तरी होतंच इहिरीत.” त्या दिवशी दामूभाऊ कामावर उशिरा आले. त्यांच्या नोकरीत असं एकदाच झालं.

नंतर आम्ही पांगलो. रशीद सुरतेला गेला, तिथल्या मोठ्या बँडमध्ये. मला शिरपूरच्या एका कॉलेजात कारकुनी मिळाली. केसरीमलशेठनी जिनिंग विकलं, आणि दामूभाऊ असोद्याला परत जाऊन वडिलांची शेती बघू लागले. पत्रव्यवहार होता, मग तोही विरळ झाला.

शेवटचे ते मला दिसले जळगावच्या बसस्टँडवर, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. रावेरच्या गाडीला ही गर्दी. त्या गर्दीत डोक्यावर गिटारची पेटी धरून एक किडकिडीत माणूस होता. मी हाक मारली.

“देवरे! बरे भेटलात. रावेरला निघालोय. केळी पिकवायच्या खोल्या बांधल्यात एकाने. जाड भिंती, दार बंद केलं की बाहेरचा आवाज आत नाही. सध्या तीन रिकाम्या आहेत म्हणे.”

“आणि ढोल कोण वाजवणार?”

“ते बघू. आधी खोली बघतो.” मग मला निरखून म्हणाले, “तुमचा हात कसा आहे?”

“हल्ली कॉम्प्युटर आलाय, दामूभाऊ. त्याच्यात आवाजच नाही.”

“अरेरे,” ते म्हणाले. अगदी मनापासून, कोणी वारल्यासारखं.

कंडक्टरने घंटी मारली. ते रेटारेटीत आत घुसले. खिडकीतून आतलं भांडण ऐकू येत होतं. कंडक्टर म्हणत होता पेटी टपावर टाका, दामूभाऊ म्हणत होते टपावर ऊन लागतं, मागचे लोक म्हणत होते दोघंही पुढे सरका. शेवटी खिडकीशी बसलेली एक अक्का वैतागून म्हणाली, “आन रे भाऊ इकडे, काय हाये ते,” आणि तिने ती पेटी उभीच मांडीवर घेतली.

गाडी हलली. खिडकीत अक्का बसलेली होती, दोन्ही हातांनी पेटी पोटाशी धरून, पोर सांभाळल्यासारखी. आणि तिच्या मागे दामूभाऊ वरच्या दांडीला लोंबकळत उभे होते. बाहेर मी हात हलवत होतो, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते वाकून अक्काला काहीतरी समजावून सांगत होते, आणि ती मान हलवत होती.